शेवंतीची कुंडी टाकून देऊ नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बहर ओसरला की शेवंतीची कुंडी टाकून दिली जाते, हे पाहून फार वाईट वाटते. सूर्यफुलाच्या कुळातील ही वनस्पती बहुवर्षायू आहे. फुले सुकल्यावर दांडे चार बोटे उंची राखून छाटले, तर मुळांपाशी काश्या, म्हणजे नवे कोंब, फुटतात आणि त्या मुळांसह अलगद सोडवून नव्या मातीत लावल्या की पुढच्या हंगामाची रोपे घरच्या घरी तयार होतात. रोप वीतभर वाढले की शेंडा खुडावा, म्हणजे पानांच्या बेचक्यांतून फांद्या फुटून झाड डेरेदार होते.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती प्रकाशाची बाब. शेवंतीला कळ्या धरण्यासाठी लांब आणि अखंड काळोखाची रात्र लागते. रात्रभर दिव्याच्या उजेडात राहिलेले झाड हिरवेगार वाढते, पण फुलत नाही, आणि दोष मात्र खताला दिला जातो. व्यावसायिक लागवडीत याच गुणाचा उपयोग करून रात्री दिवे लावून फुलोरा लांबवतात, तर काळ्या कापडाने झाकून तो लवकर आणतात. रोपवाटिकांनी प्रत्येक कुंडीसोबत एवढी माहिती छापील चिठ्ठीवर द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली नम्र,
एक वाचक