ज्यांची नावे विचारायची राहून गेली, त्यांचे आभार

मोठ्या आतड्याला छिद्र पडल्यामुळे माझ्या वडिलांची कोलोस्टॉमी, म्हणजे मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर काढून मल पिशवीत घेण्याची शस्त्रक्रिया, करावी लागली होती. सहा महिन्यांनी ती बंद करून आतडे पुन्हा जोडण्यात आले, तेव्हा पिशवीतून कायमची सुटका झाली, असेच आम्ही धरून चाललो होतो. पाचव्या रात्री ताप फारसा नसतानाही नाडी १२० च्या वर गेलेली पाहून, ‘दुखण्यामुळे असेल’ या आमच्या समजुतीवर न विसंबता ज्या परिचारिकेने तत्काळ निवासी डॉक्टरांना उठवून आणले, त्यांचे आभार सर्वप्रथम मानतो. सीटी स्कॅनमध्ये आतड्याचा जोड गळत असल्याचे दिसले आणि पहाटेच पुन्हा शस्त्रक्रिया करून, पोट धुऊन, लहान आतड्याचे तोंड तात्पुरते पोटावर काढावे लागले.

त्या पहाटे रक्त देण्यास पुढे आलेले शेजारच्या रुग्णाचे दोन नातेवाईक आम्हाला पुन्हा भेटले नाहीत. लहान आतड्यातून येणारा पातळ मल पाचक रसांमुळे कातडी अक्षरशः सोलून काढतो आणि सोललेल्या कातडीवर पिशवी टिकत नाही. पिशवी कातडीला चिकटवणाऱ्या तबकडीचे भोक नेमक्या मापाने कापणे, कडेला पेस्ट लावणे आणि तळहाताच्या उबेने ती दाबून धरणे, हे मला एका अनोळखी गृहस्थांनी शिकवले. त्यांनी सदरा वर करून स्वतःची पिशवी दाखवली, तेव्हा कित्येक दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेले वडील (संकोच आमच्या घराण्यातच आहे) प्रथमच मोकळेपणाने बोलले. सफाई करणाऱ्या मावशींनी तर एकदाही नाक मुरडले नाही.

वडील आता घरी आहेत आणि मीठ-साखरेचे पाणी, कुरकुरत का होईना, पितात. आपणा सर्वांचे आम्ही मनःपूर्वक ऋणी आहोत.