कर्णाशी माझं जमत नाही

धरमपेठ, नागपूर

प्रिय बाळ्या,

"'मृत्युंजय' नाही आवडत म्हणजे काय बे?" एवढं बोलून तू फोन ठेवलास. म्हणून लिहितोय. पत्रात तुला मधेच तोडता येणार नाही.

शिवाजी सावंतांच्या त्या कादंबरीत माझं भांडण कर्णाशी कमी, त्याच्या तोंडच्या मराठीशी जास्त. कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण, कृष्ण असे सहा जण आपापली कहाणी सांगतात. कल्पना झकासच. पण मधलंच एखादं पान उघड, वर नाव न बघता मोठ्यानं वाच आणि सांग कोण बोलतंय ते. मला ओळखू येईना! सारथ्याच्या घरचा पोर, राजमाता, साक्षात श्रीकृष्ण, सगळे एकाच मास्तरांच्या निबंधाच्या शिकवणीला गेल्यासारखे. हस्तिनापुरात कोणी साधं 'चल, भूक लागली' म्हणत नसेल का रे?

'ययाति'चंही तेच. निवेदक तीन, सुभाषितं तिघांच्याही तोंडी. खांडेकरांना ज्ञानपीठ मिळालं म्हणून मी जांभई आवरावी की काय?

अवघड लिखाणाचं मला वावडं नाही. आपले ग्रेस मला निम्मे कळत नाहीत, तरी 'संध्याकाळच्या कविता' उशाशी असतात. खटकतं ते हे तेज फासणं. महाभारतातला कर्ण घोषयात्रेत गंधर्वांपुढून पळ काढतो, भर सभेत द्रौपदीला नको ते बोलतो आणि तरीही मित्रासाठी मरतो. तो माणूस मला हवा आहे. 'मृत्युंजय' आलं त्याच १९६७ साली इरावतीबाई कर्व्यांचं महाभारतातल्या माणसांवरचं 'युगान्त' आलं. बारकंसं पुस्तक, पण तिथं कोणी कुणाला ओवाळत बसत नाही. ना कर्णाला, ना कुंतीला, ना भीष्माला.

हे सगळं मी परवा तर्री-पोह्याच्या ठेल्यावर जरा मोठ्यानंच बोललो. शेजारच्या काकांनी चमचा खाली ठेवला. "काहून असं बोलून राहिला बाप्पा? माह्या बापानं मले सायकल नाही घेऊन देल्ली, हे पुस्तक घेऊन देल्लं." यावर काय बोलणार? गुमान पोहे संपवले. मत आहे तिथंच आहे, पण त्या काकांसमोर पुन्हा काढणार नाही. तुझ्यासमोर काढणार, कारण तुझ्या बापानं तुला सायकलही घेऊन दिली होती.

'शोले'बद्दलचं आज लिहीत नाही. तू गाडी पकडून थेट मारायलाच येशील. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
दिल्या