अर्जेंटिनातल्या गायमन गावच्या आजींना

आजी, सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय. नात फोनवर भाषांतर करून वाचून दाखवेल. त्या दिवशीही आपलं बोलणं तिच्या फोनवरच चाललं होतं, उरलेलं हातवाऱ्यांवर.

त्रेलेवची बस चुकली ती माझ्याच वेंधळेपणानं. चुबुत नदीकाठी पॉप्लरच्या सावलीत वेळेचं भान राहिलं नाही. तुम्ही अनोळखी माणसाला घरात घेतलंत, चहा दिलात, वर तो काळा वेल्श केक. मी गोड फारसं खात नाही म्हटलं, तरी तिसरा तुकडा बशीत पडलाच. आमची मावशी अगदी अशीच.

पण हे पत्र केकसाठी नाही. जावई गाडी घेऊन येईपर्यंत तुमची पाण्याची पाळी आली. तुम्ही खोरं उचललंत, मी मागोमाग निघालो. चारीचं गंजलेलं दार कुरकुरत वर आलं. आधी पाण्यानं पालापाचोळा ढकलला, मग तापलेल्या मातीचा तो वास! आमच्या सांगलीकडे याला 'दारं धरणं' म्हणतात. कितीतरी रात्री वडिलांबरोबर बॅटरी घेऊन मी हेच केलंय. तुमच्या हातातलं खोरं न विचारता घेतलं, त्याबद्दल माफ करा. राहवलं नाही.

बांधावर टेकून तुम्ही जुनं सांगत होतात. १८६५ साली 'मिमोसा' जहाजातून दीडशेच्या आसपास वेल्श माणसं, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सची, इथे आली. आपली भाषा आपल्या तोंडी राहावी म्हणून एवढा समुद्र ओलांडला, आणि इथे पाऊस जेमतेम. पेरलेलं वाळून जायचं. इथल्या मूळच्या तेहुएल्चे लोकांनी शिकार शिकवली म्हणून निभावलं, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. गावाचं नावही त्यांच्याच भाषेतलं. मग १८६७ मध्ये रेचेल जेन्किन्स या बाईनं नवऱ्याला सुचवलं, काठ फोडून नदीचं पाणी शेतात घे. एवढी साधी गोष्ट! तिथून पाट निघाले, गहू उभा राहिला, आणि १८७४ मध्ये गायमनमधलं पहिलं घर. पुढे १८९९ च्या पुरात हीच नदी खोऱ्यातली घरं घेऊन गेली. तरी तुम्ही तिच्याबद्दल बोलताना खोडकर पोरीबद्दल बोलावं तसं हसत होतात.

आमच्याकडे पाळीवरून माझे दोन काका अकरा वर्षं बोलले नाहीत. तुम्ही मात्र शेजाऱ्याचा वाफा कोरडा दिसला म्हणून आपलं दार पाच मिनिटं आधी पाडलंत. घरी हे सांगितलं तेव्हा वडील काही बोलले नाहीत. नुसतं विचारलं, "पाण्याला ओढ कशी होती?"

मला नीट सांगता आलं नाही, आजी. पुढच्या पाळीला जरा बघून कळवाल?

केकचा डबा माझ्याकडेच राहिलाय. आई त्यात आता मेथीदाणे ठेवते.

दिओल्ख, म्हणजे वेल्शमध्ये धन्यवाद. उच्चार नातीला विचारून सुधारेन.

तुमचा,
बस चुकलेला पाहुणा