गोदावरीला बाण का नाही?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला समुद्रतळावरचा लेख वाचला. चित्रे छान आहेत. पण खोल समुद्राचा तळ ‘मुळातच सपाट’ असतो, हे लेखकाला कोणी सांगितले? मुळात तो मोडकातोडका असतो. आपल्या अरबी समुद्रातल्या कार्ल्सबर्ग या समुद्राखालच्या डोंगररांगेसारख्या ठिकाणी तळ दोन्हीकडे ताणला जातो, भ्रंश (खडक सरकवणाऱ्या भेगा) पडतात, खडकाचे ठोकळे कलतात आणि शंभर-दोनशे मीटरच्या टेकड्या उभ्या राहतात. पुढे गाळ त्यांना बुजवतो, तेव्हा कुठे मैदान दिसते.

तो गाळ म्हणे ‘वरून हळूहळू पडतो’. भर समुद्रात पडतो तसा, हजार वर्षांत काही मिलिमीटर. पण उतारावरून सुटणाऱ्या गाळाच्या लोंढ्यांचे काय? १९२९ साली कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळच्या भूकंपानंतर असाच लोंढा सुटला आणि तळावरच्या तारायंत्राच्या केबली एकामागून एक तुटत गेल्या, शेवटची तेरा तासांनी.

आणि नकाशा! बंगालच्या उपसागरात गाळ कुठून येतो ते दाखवणारे बाण फक्त गंगा-ब्रह्मपुत्रेचे. हिमालयाचा वाटा मोठा, मान्य. तिथल्या तळावर पंख्यासारखा पसरलेला त्यांचा गाळ सुमारे ३,००० किलोमीटर लांब आहे. पण गोदावरीला एक बारीक बाणही नाही? मराठवाड्याचा अनुशेष आता समुद्राच्या तळाशीही ठेवायचा का?

गोदाकाठी माझे रान आहे. मागच्या पुरात बांधासकट काळी माती गेली, खालचा मुरूम उघडा पडला. पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी ‘खरडून गेलेली जमीन’ असे लिहून घेतले, फोटो काढले, सातबारा-आधार-पासबुकाच्या झेरॉक्स नेल्या. मदत ई-केवायसीत अडकली आहे. मातीला तसली अडचण नाही. थोडी खाली तेलंगणातल्या पोचमपाडच्या धरणात बसली असेल, बाकीची केवायसी न करताच आंध्रमार्गे समुद्राकडे निघाली.

गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळातून काढलेल्या गाळावरून शास्त्रज्ञांनी दख्खनचे सुमारे १०,००० वर्षांचे पाऊसपाणी वाचले आहे. चार हजार वर्षांपूर्वीपासून कोरडेपणा वाढत गेल्याचे त्यात दिसते. दुष्काळी भागातल्या वाचकांसाठी याच्या चार ओळी छापायला जागा नव्हती. प्लॉटिंगच्या जाहिरातीला अर्धे पान होते.

जाता जाता : आमच्या गावात ही पुरवणी महिन्यातून एखाद्या रविवारी गायबच असते. बिल मात्र पुरवणीसकट येते. वितरण विभागाला एकदा विचारावे.

आपला,
एक वर्गणीदार
ता. गेवराई, जि. बीड