बाबांच्या त्या प्रश्नावरून, रोमहून

प्रिय आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की रोमन बादशहा कॉन्स्टंटाइन ख्रिश्चन झाला म्हणून अख्खं रोम ख्रिश्चन झालं, यथा राजा तथा प्रजा, आणि तेवढ्यात फोन कट झाला. मला ते काही पटलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या जोडीचा बादशहा लिसिनियस यांनी ३१३ मध्ये एवढंच ठरवलं की ज्याला जो देव पुजायचाय तो पुजू दे, आणि ख्रिश्चनांच्या जप्त केलेल्या जागा परत द्या. त्याच्या दहाच वर्षं आधी डायोक्लेशियन बादशहाने त्यांची चर्चेस पाडायचा, ग्रंथ जाळायचा हुकूम काढला होता. म्हणजे बघा, राजाला दखल घ्यावी लागेल इतके लोक आधीच तिकडे गेले होते ना?

का गेले, ते आई तुला लगेच कळेल, तू आयुष्यभर वॉर्डात काम केलंयस. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर मोठी साथ आली, तेव्हा इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस लिहितो की लोक आपल्याच घरच्या आजाऱ्यांना रस्त्यावर टाकत होते आणि ख्रिश्चन मात्र आपल्या माणसांची सेवा करता करता स्वतः मरत होते. आता तो आपल्या लोकांची बाजू घेणारच, पण शंभरेक वर्षांनी ज्युलियन बादशहा, ज्याला जुने देव परत आणायचे होते, तोच आपल्या एका पुजाऱ्याला वैतागून लिहितो की हे लोक त्यांच्या गरिबांना पोसतातच वर आपल्याही गरिबांना पोसतात. विरोधकच असं म्हणतोय म्हटल्यावर आणखी काय पुरावा हवा! २५१ च्या सुमाराला एकट्या रोमचं चर्च दीड हजारावर विधवा आणि गरजू लोकांना सांभाळत होतं.

इथे सान क्लेमेंते म्हणून चर्च आहे. वरचं बाराव्या शतकातलं, जिना उतरलं की चौथ्या शतकातलं, आणि अजून खाली गेलं की मिथ्रास या जुन्या रोमन देवाच्या पूजेची खोली. दोन्ही बाजूंना दगडी बाक, मधे बैल मारणारा मिथ्रास कोरलेली वेदी, ओल धरलेल्या भिंती आणि कुठूनतरी सतत पाण्याचा आवाज. तिथे फक्त पुरुष बसायचे. ख्रिश्चनांकडे बायका, गुलाम, सगळ्यांना जागा होती, आणि मला तर हेच सगळ्यात मोठं कारण वाटतं.

पुढचं मात्र वाचून वाईट वाटतं. ३८० मध्ये थिओडोसियस बादशहाने ख्रिश्चन धर्म हाच राजधर्म केला, मग जुन्या देवळांवर बंदी वगैरे आली. ३८४ मध्ये सिमॅकस नावाच्या, जुने देव मानणाऱ्या सिनेटरने बादशहाला अर्ज केला की सिनेटमधली विजयदेवीची वेदी परत बसवा, एवढ्या मोठ्या रहस्यापर्यंत एकाच वाटेने पोचता येत नाही. मिलानच्या बिशप अँब्रोजने विरोध केला आणि अर्ज फेटाळला गेला. ज्यांनी स्वतः एवढा छळ सोसला त्यांनी तरी ऐकायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

बाबा, तुम्हाला काय वाटतं ते रविवारी फोनवर सांगा, वाट बघतेय. आई, गुडघ्याचा एक्सरे काढून घे, टाळू नकोस.

तुमचीच,
चिऊ