बंड्या, तंजावरचं भांडण पुन्हा निघालंय

लिमरिक, आयर्लंड

प्रिय बंड्या,

स. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक, गुडघाही बरा. दिवाळीपासून एक ओळ लिहिली नाही म्हणून शिव्या घालशीलच, आधी हे वाच.

रविवारी आईचा व्हिडिओ कॉल होता. तिने चिन्याला विचारलं, "जेवलास का रे?" तो आयरिशमध्ये काहीतरी बोलला आणि हर्लिंगची (इथला काठी-चेंडूचा खेळ) काठी घेऊन पळाला. आई हसली. मला मात्र रात्रभर झोप नाही.

तंजावरवरून आपण मेसमध्ये किती भांडायचो! तिथल्या शहाजीराजांनी, म्हणजे व्यंकोजींच्या मुलाने, तेलुगूत नाटकं लिहिली म्हणजे मराठे तिथे बुडाले, असं तुझं म्हणणं. मी म्हणायचो, रुजले. (त्या रात्री माझी भाकरी तूच खाल्लीस, अजून कबूल करत नाहीस.) इथल्या नॉर्मनांबद्दल (इंग्लंडच्या राजाचे फ्रेंच बोलणारे सरदार) वाचतो तेव्हा तुझाच आवाज कानात येतो.

1169 मध्ये हे लोक चिलखतं घालून आयर्लंडात उतरले. दोनशे वर्षांत त्यांच्यातल्या द बर्ग घराण्याचे बर्क झाले, गेलिक म्हणजे मूळ आयरिश सरदारांसारखे राहू लागले, ब्रेहन या जुन्या आयरिश न्यायाने तंटे मिटवू लागले, पदरी आयरिश कवी बाळगू लागले. इंग्रज दरबार इतका धास्तावला की 1366 मध्ये किल्केनीला कायदा केला: आपल्या लोकांनी आयरिश बोलायचं नाही, आयरिश घरांत सोयरीक करायची नाही, मुलं त्यांच्याकडे वाढवायला द्यायची नाहीत, खोगिराशिवाय घोड्यावर बसायचं नाही, हर्लिंगसुद्धा खेळायचं नाही. आणि हा कायदा लिहिला फ्रेंचमध्ये!

मी अडतो तो मुलं वाढवायला देण्यापाशी. गेलिक रीतच तशी होती. पोर दुसऱ्या घरी वाढायचं आणि ते नातं जन्मभर टिकायचं. माझ्या मते नॉर्मन हरले ते याच घरांत. डेझमंडचा तिसरा अर्ल, म्हणजे नॉर्मन सरदार, जेराल्ड बघ. कायद्यानंतर वर्षभरातच तो इथे राजाचा मुख्य कारभारी झाला, आणि कविता करायचा आयरिशमध्ये! 1370 मध्ये ओब्रायन या गेलिक घराण्याने त्याला लढाईत पकडून कैदेत टाकलं. 1388 मध्ये त्याने राजाची खास परवानगी काढली, कशासाठी? मुलगा जेम्स ओब्रायनांच्याच घरी वाढावा म्हणून.

बंड्या, त्या घरातली फ्रेंच कोणत्या पिढीत गेली असेल? कुणाला तरी वाईट वाटलं असेल ना? चिन्या इथे रुजावा, हे मला मनापासून हवंय. पण त्याच्या आजीला उत्तर मराठीतच मिळायला हवं. दोन्ही हवंय मला, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

दुकान कसं चाललंय? वहिनींची बदली थांबली का? काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकून टाक आता.

मुद्द्याचं: जुलै-ऑगस्ट इथे सुट्टी. चिन्याला साताऱ्याला तुझ्या घरी ठेवशील? आम्ही दोघं बरोबर नसू. तुझ्या पोरांत खेळू दे, भांडू दे. शिव्या फक्त निवडक शिकव. वहिनींना विचारून लगेच कळव, तिकिटं रोज महाग होताहेत.

तुझा,
अव्या