मुरुमांच्या गोळीला शेवटची तारीख हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुरुमांसाठी लिहिलेल्या गोळीच्या चिठ्ठीवर ती कधी सुरू केली याची तारीख असते. बंद कधी करायची, हे बऱ्याच चिठ्ठ्यांवर नसते. त्यामुळे मार्चमध्ये लिहून दिलेली डॉक्सीसायक्लिन ही प्रतिजैविकाची (अँटिबायोटिक) गोळी दिवाळीपर्यंत चालते. चिठ्ठी मळते, घड्यांवर फाटते, मग तिचा मोबाइलमधला फोटो दाखवून गोळ्या नेल्या जातात. पुढे तो फोटो रूममेटकडे जातो आणि तिच्याही चेहऱ्यावर त्याच गोळीचा प्रयोग सुरू होतो. शिकवणी वर्गांसाठी बाहेरगावाहून आलेली मुले-मुली नागपुरात खोल्या घेऊन राहतात, आणि मुरूम उठायचे नेमके हेच वय. म्हणून मागणी एकच आहे: मुरुमांसाठी पोटात घ्यायचे प्रतिजैविक लिहिताना डॉक्टरांनी चिठ्ठीवर शेवटची तारीख टाकावी आणि ती उलटल्यावर दुकानातून गोळी मिळू नये.

मुदत किती असावी, यावर जाणकारांत फारसा वाद नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची २०२१ची मार्गदर्शिका सांगते की डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम किंवा लायमेसायक्लिन ४०८ मिलिग्रॅम रोज एकदा, तेही लावायच्या औषधासोबत. बारा आठवड्यांनी तपासणी, आणि सहा महिन्यांच्या पुढे जायचे ते केवळ अपवाद म्हणून. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२४च्या शिफारशींचा रोखही तोच आहे. मुरूम डोळ्यांना दिसतो त्याच्या कित्येक आठवडे आधी रोमछिद्राच्या तोंडाशी मृत पेशी आणि तेल यांचे बूच बसायला लागलेले असते. गोळी सुरू केली तरी आधीच तयार झालेले मुरूम वर येतच राहतात. खरा फरक चौथ्या ते आठव्या आठवड्यात दिसतो. पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून सोडून देणारा आणि गुण आला म्हणून वर्षभर चालू ठेवणारा, दोघांचेही चुकते.

गोळी नेमके काय करते, हे कळले की मुदतीचे कारणही कळते. रोमछिद्रात वाढणाऱ्या क्युटीबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस या जिवाणूला ती आवरते आणि लालसर, दुखणारी सूज उतरवते. तेल सुटणे तिने थांबत नाही, बूच बसणेही थांबत नाही. बूच बसू न देण्याचे काम ट्यूबमधल्या लावायच्या औषधाचे. रात्री अ‍ॅडापलीन ०.१ टक्के, सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के, किंवा दोन्ही एकत्र असलेली जेल. बेन्झॉइल पेरॉक्साइडचा मोठा गुण असा की त्याला जिवाणू दाद देईनासे होत नाहीत, आणि सोबतच्या गोळीलाही ते लवकर निर्ढावत नाहीत. गोळी एकटी घेतली, की बंद केल्यावर काही महिन्यांत मुरूम पुन्हा हजर. मग “त्या गोळीनेच बरे वाटते” असा समज पक्का होतो. क्लिंडामायसिनची ट्यूब आणि डॉक्सीसायक्लिनची गोळी अशी जोडी तर लिहूच नये. दोन्ही प्रतिजैविकेच, आणि बूच काढणारे त्यात काहीच नाही.

इथे पैशाचा मुद्दा येतो, तो कुणी फारसा बोलत नाही. गोळी स्वस्त, ट्यूब महाग. महिन्याचे पैसे संपत आले की मुले पहिल्यांदा ट्यूब वगळतात आणि “फक्त गोळ्याच द्या” म्हणतात. वगळायचेच असेल तर उलटे करा. सौम्य मुरुमांत ट्यूब एकटी पुरते, गोळी एकटी कधीच पुरत नाही. शिवाय ट्यूब वायाही फार जाते. अ‍ॅडापलीन वाटाण्याएवढे, अख्ख्या चेहऱ्याला पातळ पसरून लावायचे असते. लोक ते एकेका मुरुमावर थापतात. पहिले दोन-चार आठवडे कातडी सुटते, आग होते, म्हणून एक दिवसाआड सुरुवात करावी आणि वर साधे मॉइश्चरायझर लावावे. बेन्झॉइल पेरॉक्साइड रंगीत कापडाचा रंग उडवते, तेव्हा उशीचा अभ्रा आणि पंचा पांढरा ठेवलेला बरा.

आता गोळी घ्यायची कशी. सर्वांत जास्त त्रास इथेच होतो, आणि तो टाळणे सर्वांत सोपे आहे. डॉक्सीसायक्लिन रात्री झोपताना घोटभर पाण्याशी घेऊन आडवे व्हायचे, ही हमखास चूक. गोळी किंवा कॅप्सूल अन्ननलिकेत अडकते, तिथेच विरघळते, आणि ती आम्लधर्मी असल्याने आतून जखम करते. दुसऱ्या दिवशी घास गिळताना छातीच्या मध्यभागी कळ येते, पाणीसुद्धा उतरत नाही. घरचे हृदयाचा त्रास समजून घाबरतात. सकाळी किंवा दुपारी जेवणानंतर, बसून किंवा उभ्याने, पूर्ण पेलाभर पाण्याशी घ्यावी आणि पुढे किमान अर्धा तास आडवे होऊ नये. उपाशीपोटी मळमळते, म्हणून पोळी-भाजी खाऊन घेतलेली चालते. मात्र त्याच वेळी दूध, दही, ताक नको. कॅल्शियमला गोळी चिकटते आणि तेवढी अंगी लागत नाही. दुधाने डॉक्सीसायक्लिनचे शोषण साधारण पाचव्या हिश्शाने घटते. लोहाच्या गोळीने आणि अ‍ॅसिडिटीच्या पातळ औषधाने त्याहून बरेच जास्त. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी घेणाऱ्या मुलींनी दोन्हींत तीन तासांचे तरी अंतर ठेवावे. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

दुसरी गोष्ट ऊन. डॉक्सीसायक्लिन चालू असताना कातडी उन्हाला लवकर भाजते, आणि नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पलीकडे जातो हे कुणाला सांगायला नको. आपल्याकडे स्कूटीवरच्या मुली चेहरा स्कार्फने घट्ट बांधतात, तो वाचतोही. भाजतात ती हँडलवरची बोटे. हातांच्या पाठी लाल होऊन चुरचुरतात, आणि कधीकधी आठवड्या-दोन आठवड्यांनी नखे टोकाकडून सुटू लागतात. ते बुरशीचे समजून भलतेच औषध सुरू होते. हे घडवणारे अतिनील किरण खिडकीच्या काचेतूनही येतात, तेव्हा कारमध्ये बसलो म्हणून निर्धास्त राहू नये. एसपीएफ ३० किंवा जास्त असलेले सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीएवढे चेहरा आणि मानेला, हातांना वेगळे. बाहेर पडण्याच्या वीस मिनिटे आधी. पूर्ण बाह्यांचे हातमोजे तर सीताबर्डीच्या फुटपाथवरही मिळतात. तोच स्कार्फ आठवडाभर न धुता बांधला की हनुवटीवर घासून नवे मुरूम येतात, ही वेगळी कटकट. उन्हाळाभर दुपारी बाहेर फिरण्याचेच काम असेल तर डॉक्टरांना ते आधीच सांगावे.

अ‍ॅझिथ्रोमायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाबद्दल थोडे स्पष्ट लिहायला हवे. आठवड्यातून तीन दिवस ५०० मिलिग्रॅम असा त्याचा वापर मुरुमांसाठी होतो, आणि सोयीचा वाटतो. पण हे औषध शरीरातून फार सावकाश उतरते. दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत ते जिवाणू मारण्याइतके उरत नाही, त्यांना सराव व्हावा इतके मात्र उरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत डॉक्सीसायक्लिन सहज वापराच्या गटात आहे, तर अ‍ॅझिथ्रोमायसिन जपून वापरण्याच्या. आपल्याकडे टायफॉइडला आज जी मोजकी तोंडाने घ्यायची औषधे लागू पडतात, त्यात ते आहे. गालावरच्या पुटकुळ्यांसाठी ते महिनोन्‌महिने खर्च करणे मला पटत नाही. गर्भवतींना डॉक्सीसायक्लिन देता येत नाही, तिथे डॉक्टर दुसरे औषध निवडतील. तो प्रश्न वेगळा. आठ वर्षांखालील मुलांनाही मुरुमांसाठी ती नको, दात डागाळतात.

निर्ढावलेले जिवाणू एका चेहऱ्यापुरते राहत नाहीत. गोळी आतड्यातल्या आणि नाकातल्या जिवाणूंपर्यंतही पोचते, आणि मुरुमांवर दीर्घकाळ उपचार घेणाऱ्यांच्या घरातल्या माणसांच्या त्वचेवरही औषधाला न जुमानणारे जिवाणू सापडले आहेत.

पावसाळ्यात आणखी एक भानगड. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसने (बारीक किड्यांच्या चाव्यातून होणाऱ्या तापाने) माणसे दगावली, आणि त्या तापावरचे मुख्य औषध डॉक्सीसायक्लिनच आहे, १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. मुरुमांसाठी रोज एक गोळी घेणाऱ्याला ताप आला तर आजार अर्धवट दबून निदान लांबू शकते. म्हणून तापाच्या डॉक्टरांना “मी मुरुमांची गोळी घेतो” एवढे मोघम सांगू नका, गोळीचे नाव सांगा.

गोळी ज्यांना लागूच पडणार नाही, असेही बरेच असतात. नुसते काळे-पांढरे ठिपके असतील तर तिची गरज नाही. गोरेपणासाठी म्हणून बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असलेले मलम महिनोन्‌महिने चोळले असेल, तर उठणारे बारीक एकसारखे पुरळ त्या स्टेरॉइडचे असते. मलम सोडवल्याशिवाय ते हटत नाही. कपाळावर, छातीवर, पाठीवर खाजणारे, एकाच आकाराचे दाणे बुरशीचे असू शकतात, आणि ते प्रतिजैविकाने वाढतात. जबड्याच्या कडेने मुरूम, पाळी अनियमित आणि हनुवटीवर केस अशा मुलीला हार्मोन्सची तपासणी हवी. गाठी येऊन खड्डे पडत असतील तर बारा आठवडे वाट पाहण्यातही नुकसान आहे. अशांना आयसोट्रेटिनॉइन या पोटात घ्यायच्या, प्रतिजैविक नसलेल्या औषधाचा विचार लवकर व्हावा. पण ते डॉक्सीसायक्लिनसोबत कधीच नाही, दोन्ही मिळून मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो, आणि गर्भाला ते अतिशय घातक आहे. कोणत्याही वेळी तीव्र डोकेदुखीसह धूसर दिसू लागले, पाण्यासारखे जुलाब लागले, किंवा अंगभर पुरळ उठून ताप आला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवावे. मिनोसायक्लिन हे डॉक्सीसायक्लिनच्याच जातीचे औषध घेणाऱ्यांनी चक्कर आणि त्वचेवरचे निळसर-करडे डाग यांवरही नजर ठेवावी.

बारा आठवड्यांनी गोळी एकदम बंद केली तरी चालते, डोस हळूहळू उतरवायची गरज नसते. ट्यूब चालू राहते. गुण आला नसेल तर प्रतिजैविक बदलून दुसरे देण्यापेक्षा निदान पुन्हा तपासावे.

आता दुकानांविषयी. प्रतिजैविकांच्या स्ट्रिपवर डाव्या कडेला उभी लाल रेघ असते; चिठ्ठीशिवाय विकू नये, हा तिचा अर्थ. कायदा आहेच, पण जुन्या चिठ्ठीपुढे तो लुळा पडतो, कारण ती चिठ्ठी खरी असते. डॉक्टरांनी “डॉक्सीसायक्लिन १००, रोज एक, जेवणानंतर, १२ आठवडे, अमुक तारखेला बंद, ट्यूब चालू” एवढी ओळ लिहिली, आणि दुकानाने गोळ्या देताना चिठ्ठीवर संख्या, तारीख टाकून शिक्का मारला, तर काउंटरवरच्या पोराला गिऱ्हाइकाशी हुज्जत घालावी लागणार नाही. एका वेळी तीस गोळ्यांहून जास्त देऊ नयेत.

खाजगी डॉक्टर परवडत नसतील त्यांना नागपुरातली सरकारी रुग्णालये आहेत: मेडिकल, मेयो आणि मिहानमधले एम्स, तिन्हीकडे त्वचारोग विभाग आहे. जाताना घरातल्या सगळ्या ट्यूब, गोऱ्या रंगाची क्रीम, जिमची पावडर आणि संपलेल्या स्ट्रिप एका पिशवीत घालून न्याव्यात. नाव आठवत नसले तरी चालते, वेष्टन असले म्हणजे झाले.

आपला,
एक फार्मासिस्ट, नागपूर